जाहिरातीतली शेवटची ओळ

गोपिकाबाई गजभिये यांचा परिचय आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाला. आपली छापायची जाहिरात नव्याने वाचायला शिकलेल्यांनाही कळते का, हे पाहण्यासाठी त्या आल्या होत्या. शहरातील सदर भागातल्या आपल्या खोलीतून त्या सुती कुर्ते ऑनलाइन विकत असत. पती गेल्यापासून त्या तेथे एकट्याच राहत. गिऱ्हाईक फोनवरून कुर्ता मागवी आणि कुरिअरवाला उंबऱ्यावरूनच पार्सल घेऊन जाई.

आम्ही तो कागद अक्षर अक्षर लावून वाचला. कापड, मापे, फोन नंबर, सारे नीट होते. शेवटी लिहिले होते, ‘या, बसा, कापड हातात घेऊन पाहा.’ पत्ता मात्र कुठेच नव्हता.

वर्गातील वयाने सर्वांत मोठ्या बायजाबाई म्हणाल्या, “यावं कुठी वं गोपिका? फोनात बसू काय?”

सारा वर्ग हसला. गोपिकाबाईही हसल्या. ऑनलाइन दुकानाला ही ओळ शोभत नाही, असे छापखानेवाल्यानेही त्यांना सांगितले होते. त्यांना ते पटतही होते. परंतु ही ओळ गेली तर आपल्या दाराशी कोणी कधीच येणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. बराच वेळ त्या पेन धरून बसल्या. अखेर त्यांनी ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली पत्ता लिहिला.

जाहिरात छापून आली. फोन पुष्कळ आले, परंतु घरी कोणीही आले नाही.

पुढे एकदा वर्ग सुटायच्या वेळी त्या पुन्हा आल्या आणि बायजाबाईंना म्हणाल्या, “मावशी, कुर्ता घ्या म्हणून नाही म्हणत मी. आइतवारी माझ्याकडे चहाले येत जा.”