फगव्याला अडलेली मोटार

देव इतक्या लांब येतो का, हा प्रश्न मला दिग्रसला आल्यापासून पडायचा. माझं माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरकडचं, कुलदैवत जोतिबा. त्याचा डोंगर आमच्या दारातून दिसे. सकाळी उठून तिकडं हात जोडले की मन निवांत व्हायचं. पुढं ह्यांना दिग्रसच्या एका सरकी काढायच्या जिनात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही कापसाच्या मुलखात आलो. इथली बोली निराळी, पाण्याची चव निराळी, आणि दारातून दिसायचं ते जिनाचं धुराडं. माझी शाळा चौथीतच सुटलेली, त्यामुळं घरी चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी घाम फुटायचा. आपलं असं माझ्याजवळ एकच होतं, जोतिबाच्या गुलालाची पुडी. ती पेटीत असे. त्यातला बोटभर कपाळाला लावल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नसे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या वेळची ही होळी. हे जिनाच्या कामासाठी नागपूरला गेले होते आणि इकडं आमची सुमी तापली. दीड वर्षाचं लेकरू. आधी वाटलं, दात येत असतील. पण धुळवडीच्या सकाळी तिच्या गळ्याशी सूज दिसली, आवाज बसला आणि श्वास घेताना घरघर व्हायला लागली. मी तिला तशीच उचलून सरकारी दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून घशात पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "बाई, हा घटसर्प आहे. याचं इंजेक्शन माझ्याकडे नाही. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता न्या. घशात पडदा वाढतोय, श्वास बंद पडेल. आणि दुसऱ्या लेकरांना हिच्याजवळ येऊ देऊ नका."

मी मोटारस्टँडवर पोचले तर यवतमाळची मोटार नुकतीच सुटलेली. सणाचा दिवस, दुसरी कधी येईल, येईल की नाही, कुणालाच सांगता येईना. मी तिथंच रडायला लागले. तेवढ्यात आमच्या शेजारच्या गयाबाई दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन शेताकडे निघालेल्या दिसल्या. एकटीनं शेती करणारी विधवा बाई, बोलायला तिखट, बैलही तिच्या आवाजाला वचकून.

"काहून रडून राह्यली वं?"

मी कसंबसं सांगितलं.

"मंग उभी कायले? बैस! रस्त्यानं कापसाच्या गाठींचा ट्रक भेटन, काही भेटन. इथी उभं राहून तं काहीच भेटत नाही."

दमणी यवतमाळकडं जाणाऱ्या दारव्ह्याच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे वेचून झालेली कापसाची पऱ्हाटी, वर ऊन. सुमीचे ओठ निळसर व्हायला लागले होते. आणि मला एकदम आठवलं, पुडी पेटीतच राहिली! मी ओरडले, "गयाबाई, गाडी फिरवा, माझा गुलाल राहिला!" आता सांगताना वाटतं, किती वेडी मी. पण तेव्हा जणू देवालाच घरी विसरून आले होते, आणि म्हणूनच मोटार चुकली असं वाटत होतं.

गयाबाईंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तुह्या देवाले का पेटीत कोंडून ठेवलं? यायचं असन तं येईन तो आपल्या पायानं. लेकराले धर नीट!"

 मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, तुला आणायला मी आता माघारी फिरू शकत नाही. ही पोर तुझी. काय करायचं ते कर.

वळण गेल्यावर ढोल ऐकू आला. पुढं रस्त्यावर माणसांची गर्दी. जवळच्या तांड्यातल्या बंजारा बाया, आरशांचे घागरे, दंडभर बांगड्या, रस्ता अडवून नाचत होत्या. होळीला त्या अशाच येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून फगवा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी घाबरले. आता आपल्यालाही अडवणार!

गयाबाई मात्र दमणीत उभ्याच राहिल्या. "अवं माय! मोटर! तुही मोटर अडली ना वं!"

खरंच! बायांच्या मधोमध माझी चुकलेली मोटार उभी होती. ड्रायव्हर हाताची घडी घालून बसला होता आणि एक म्हातारी त्याला सुनावत होती, "पैसे नाही पाह्यजे. नाच! नाचल्याबिगर मोटर नाही जात."

"मी का नाच्या हावो? बसतो इथीच रातवर!"

गयाबाईंनी बैल जे पिटाळले ते थेट गर्दीपर्यंत. "सरका! लेकरू मरून राह्यलं! सरका बाया हो!"

ढोल थांबला. म्हातारी माझ्याजवळ आली, सुमीच्या छातीला कान लावला. ती आपल्या बोलीत काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण तिनं एक हाक मारली आणि सगळ्या बाया दोन्ही बाजूंना झाल्या. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत मोटारीपर्यंत पळत नेलं. मी पायरी चढले तेव्हा तिनं आपल्या ओटीतला गुलाल अंगठ्यावर घेतला, आधी सुमीच्या कपाळाला लावला, मग माझ्या. "जा याडी," म्हणाली. याडी म्हणजे आई. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाली, "तुहा नाच बाकी राह्यला, ध्यानात ठेवजो!"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तो कुठला गुलाल, कुणाच्या हातचा, हे मी विचारलं नाही.

घटसर्प म्हटल्यावर लोकांनी पोरंबाळं मागं घेऊन आम्हाला पुढचं सबंध बाकडं दिलं. गयाबाई दमणी त्या बायांच्या हवाली करून माझ्यासोबत चढल्या होत्या. ड्रायव्हरनं मोटार अशी पळवली की दारव्हा, बोरी अरब, कुठं चढउतार झाली ते कळलंच नाही. यवतमाळला तो स्टँडवर गेलाच नाही, मोटार थेट दवाखान्याच्या फाटकात! इंजेक्शन मिळालं. थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हे तार मिळताच नागपूरहून धावत आले तेव्हा सुमी बिस्किट मागत होती.

घरी परतताना तोच ड्रायव्हर भेटला. मी म्हटलं, "दादा, तुम्ही हट्ट धरून बसलात म्हणून माझी पोर वाचली."

तो हसला. "अन् मायी बायको म्हणते, ह्या हट्टाचा कोणालेच उपेग नाही!"

तांडा आला तशी त्यानं आपणहून मोटार उभी केली आणि भोंगा वाजवला. म्हातारी बाहेर आली. त्यानं टोपी नीट केली, रस्त्यावर उतरला आणि दोन्ही हात वर करून गरकन फिरला. बाया हसून हसून खाली बसल्या. सुमी खिडकीतून टाळ्या वाजवत होती. मी उतरून म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं.

पुडी अजून पेटीत आहे. पण कधी घाईत बोट लावायचं राहून गेलं तर मी आता माघारी फिरत नाही. जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणते आणि चालू लागते.