सहा ते सात

चौकातल्या खांबावर पालिकेने फुकट इंटरनेटचा डबा बसवला, तेव्हा त्याला वायरच जोडलेली नव्हती. तरीही 'काम पूर्ण' या शेऱ्याखाली सही माझी आहे. वरून सांगितलं, मी केली.

दुसऱ्या दिवसापासून गोदामाची ड्युटी संपवून एक माणूस तिथे येऊ लागला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नळावर हंडा ठेवून नंबर लावतात, तसा तो खांबाखालच्या कट्ट्यावर मोबाईल ठेवून वाट बघायचा. एकदा त्याने मला गाठलं.

"साहेब, पोरीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा हाय. पाण्याला टायमिंग असतं, याचं काय?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "सहा ते सात," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सहाला कट्ट्यावर वीस मोबाईलांची रांग होती. घाबरून मी खिशातल्या माझ्या फोनचा हॉटस्पॉट पालिकेच्या नावाने, पासवर्ड न ठेवता चालू केला.

"आलं, आलं!" तो ओरडला. "एकेकानं घ्या रं, प्रेशर कमी हाय!"

त्याच्या मुलीचा फॉर्म भरला गेला. "पालिकेचं उशिरा येतं, पन येतं," तो मला म्हणाला. तेव्हापासून मी रोज जातो.

परवा मला पोचायला उशीर झाला. रांग ताटकळली होती.

"आज अजून आलं न्हाय, साहेब. पन तुमी रोज शेवटाला ऱ्हाता, तुमाला कधी गावतच न्हाय. आज पयला नंबर तुमचा."

त्याने कट्ट्यावर जागा करून दिली. मी खिशातला फोन काढून सगळ्यांच्या पुढे ठेवला, आणि वर डब्याकडे बघत उभा राहिलो.