सेगोच्या वाट्याचं मेण

सेगो मेण खातो. हसा, हसून घ्या. आमच्या लुगेंडा नदीकाठी बाहेरचं कुणी आलं आणि बोनोमारने हे सांगितलं की पहिल्यांदा सगळे असेच हसायचे. मूठभर पाखरू, रंगाने मातकट, शेपटीच्या कडेला जरा पांढरं. त्याला मध नको, मेण हवं. मेण पचवतं ते! पण ढोली फोडायला हात नाहीत आणि मधमाश्यांची भीती. मग ते काय करतं? माणसाकडे येतं. डोक्यावरच्या फांदीवर बसून काडेपेटी हलवल्यासारखं खुळखुळ करत राहतं, या झाडावरून त्या झाडावर जातं, आणि तुम्ही मागे येताय ना हे वळून बघतं. मोहोळ आलं की गप्प. पुढचं काम तुमचं. मध तुमचा, मेण त्याचं. आमच्या पणज्यांच्या आधीपासूनचा हा करार, आणि तो मोडल्याचा बोभाटा गावात एकदाच झाला. त्याचीच ही गोष्ट.

बोनोमार आमचा नव्हे, आमच्या गावचा जावई. आमच्या याओ लोकांत नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. घर तिचं, शेत तिचं, पोरं तिच्या भावाच्या शब्दात. तीस वर्षांपूर्वी बोनोमार आला तो एक कुऱ्हाड आणि एक चटई घेऊन. अतीजाशी लग्न केलं, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, त्यांचे नवरे इथे येऊन राहिले. तरी कुणी विचारलं तर लोक म्हणायचे, "बोनोमार ना, तो बाहेरचा."

पण मधाला जायचं म्हटलं की आधी बोनोमारलाच हाक. त्याच्या बापाने शिकवलेली साद होती, "ब्रर्रर्र... हुम्!" ही घुमवली की सेगो कुठूनही यायचा. दुसऱ्यांनी तीच घातली की अर्धा दिवस रानात नुसती पायपीट.

आणि जनावरांच्या गोष्टी सांगाव्यात त्या बोनोमारनेच. हत्ती एवढा धिप्पाड, पण मधमाश्यांची गुणगुण ऐकली की कान फडफडवत पळ काढतो. मगर आपली पिल्लं जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते, एक दात लागू देत नाही. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नवरा बाहेरून भरवत राहतो. "बघा," बोनोमार म्हणायचा, "घर तिचं, राबणारा बाहेरचा. पाखरांतही याओ असतात!" बायका तोंडावर कापड घेऊन हसायच्या. अतीजासुद्धा.

गावाबाहेरच्या मिशनमधल्या पाद्रीबाबाची गोष्ट तर त्याने शंभरदा सांगितली असेल. देवळातल्या मेणबत्त्या कुरतडल्या जायच्या. बाबाने उंदरांचे सापळे लावले, मांजर आणलं. शेवटी एका सकाळी बघतो तर सेगो देवासमोर बसून मेणबत्ती खातोय. "मांजर बिचारं बाकाखाली झोपलेलं, त्याला काय ठाऊक उंदराला पंख फुटलेत!"

एक गोष्ट मात्र तो हसत सांगायचा नाही. सेगोची आई वेड्या राघूच्या बिळात अंडं घालते आणि निघून जाते. सेगोचं पिल्लू आंधळंच जन्मतं, पण चोचीला आकडे असतात. अंधारात चाचपडत ते राघूची पिल्लं एकेक करून मारतं आणि त्यांच्या आईच्या हातचं खाऊन मोठं होतं. "जन्मच दगाबाजीचा," बोनोमार म्हणायचा, "पण माणसाला शब्द दिला तो पाळतो. आपणही पाळायचा."

तो पाळायचा. मध काढला की हिरवी पानं तोडायची, जाड शिरांची, ती जमिनीवर अंथरायची, आणि त्यावर मेणाचा चांगला मोठा तुकडा तळहाताने दाबून बसवायचा. आपलं पोळं सरळ डब्यात. पानावर फक्त सेगोचं.

हे काम गेली वीस-बावीस वर्षं दोघं मिळून करायचे, बोनोमार आणि अतीजाचा थोरला भाऊ कासिमो. मेहुणे कसले, एका ताटातले. कासिमो धूर करायचा, बोनोमार कुऱ्हाड चालवायचा. त्या हंगामात तेवढं एक नवीन झालं. मध काढून घरी निघाले की कासिमोचं पोट बिघडायचं.

"दाजी, तुम्ही व्हा पुढे. मला परत झाडीत जावं लागतंय."

"अरे, किती मध ढोसतोस! वय झालं आता."

"हसा तुम्ही. माझ्या आतड्यांचं मला माहीत."

बोनोमारला खरंच काळजी वाटली. त्याने कसलीशी साल उकळून त्याला तीन दिवस पाजली. कासिमोने तोंड वाकडं करत प्यायली, एक शब्द बोलला नाही. याला म्हणतात निगरगट्टपणा!

मग तो दिवस आला. सकाळी दोघं निघाले. बोनोमारने साद घातली, सेगो आला, तासभर खुळखुळत पुढे गेला आणि एका जुन्या पोकळ झाडावर बसून गप्प झाला. कासिमोने गवताची पेटती चूड ढोलीशी धरली. माशी एक नाही. ढोलीतून सळसळत मांबा बाहेर आला, दोन पुरुष लांब, तोंड आतून काळं. कासिमो मागे उडाला, दगडावर आपटला, नडगीचं हाड काडकन मोडलं. साप आपल्या वाटेने निघून गेला. बोनोमारने साठीच्या वयात मेहुण्याला पाठीवर घेतलं आणि भर उन्हात गावापर्यंत आणलं. कासिमो त्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारून विव्हळत होता.

आता आमच्या गावात एक गोष्ट लहान पोरालाही माहीत. सेगो मोहोळाऐवजी सापाकडे नेतो तो उगीच नाही. कुणीतरी त्याचं मेण खाल्लेलं असतं. मागे एक वहीवाली बाई पाखरं बघायला आली होती. ती म्हणाली होती, तसं काही नाही, पाखराचा नुसता अंदाज चुकतो. असेल. पण गावाला हे कोण समजावणार? वहीवाली गेली, गाव इथेच आहे.

संध्याकाळच्या आत सगळे आंब्याखाली जमले. कासिमोचा पाय फळ्यांमध्ये बांधून त्याला चटईवर टेकवलं होतं. मुखिया इस्सुफोने थेट विचारलं, "बोनोमार, सेगोचा वाटा ठेवत होतास की नाही?"

बोनोमारला हसूच आलं. "मी? अहो, दर वेळी ठेवला. कासिमोला विचारा, पानं तोच तोडून द्यायचा."

सगळ्यांनी कासिमोकडे बघितलं. कासिमोने आपल्या पायाकडे बघितलं.

"मी धूर विझवत असायचो," तो म्हणाला. "मला काही दिसलं नाही."

बोनोमारला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालास?"

"दुखतंय मला, दाजी. मला विचारू नका."

लोकांत कुजबुज झाली. मुखियाने शुक्रवारपर्यंत वेळ दिला. नमाजानंतर पुन्हा बसू, तोवर विचार करून खरं काय ते सांग. आणि खोटा निघालास तर आमच्या रानात पुन्हा साद घालायची नाही. बोनोमारचं सगळं आयुष्य त्या एका सादेत होतं. ती गेली तर बाहेरचा माणूस नुसता बाहेरचाच उरणार, बायकोच्या गावात शेळ्या वळायला.

तरीही हा बाबा मेहुण्यावर चिडला नाही. म्हणाला, वेदनेत बोलला असेल. गुरुवारी सकाळी त्याच्या पायाला बांधायला जुनं सुती कापड हवं म्हणून घरात शोधाशोध करू लागला. अतीजा शेतावर होती. मक्याच्या कणसांमागे एक मडकं होतं, त्याच्या तोंडाला कापड बांधलेलं. चला, सापडलं, म्हणून त्याने ते सोडलं. आत मेणाच्या चकत्या, एकावर एक, नऊ. त्याने एक उचलून उजेडात धरली. खालच्या अंगाला पानाच्या शिरा उमटलेल्या, जाड, स्पष्ट. वरच्या अंगाला त्याच्याच तळहाताचा दाब.

तो खाली बसला आणि चकत्या मांडीवर घेऊन पुन्हा मोजल्या. त्या हंगामात त्यांनी नऊदा मध काढला होता, आणि नऊदा कासिमोचं पोट बिघडलं होतं.

अतीजा आली. त्याच्या मांडीवर मेण बघून तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. नाकारलं नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं.

"शहरात मेण घेणारा ट्रक येणार आहे," ती म्हणाली. "कासिमोला फोन घ्यायचाय. घरी ठेवलं तर त्याची बायको बडबडते. म्हणून माझ्याकडे दिलं."

"तुला ठाऊक होतं? काल मी आंब्याखाली तोंडघशी पडलो तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी त्याला साल उकळून पाजत होतो गं! तू चूल पेटवून देत होतीस!"

"तो माझा भाऊ आहे. उद्या तुम्ही गेलात तर मला कोण बघणार? मुलींचं कोण बघणार? भाऊच ना?"

"आणि मी कोण?"

"तुम्ही नवरा," अतीजा म्हणाली. आल्यागेल्याला पाहुणा म्हणावं, तितक्या सहज.

पण तीस वर्षांची सवय. त्याने तिचा हात धरला. "हे बघ, मी कासिमोला काही करायला सांगत नाही. दंड नको, काही नको. उद्या फक्त एवढं सांग की मेण माझं नव्हे. बोलशील?"

तिने मान हलवली. "बोलेन."

झालं. त्याचा विश्वास बसला. रात्री तो शांत झोपलासुद्धा.

शुक्रवारी आंब्याखाली बोनोमारने मडकं आणून सगळ्यांसमोर उपडं केलं. चकत्या फिरवून शिरा दाखवल्या. "हे सेगोचं मेण. मी ठेवलेलं, आणि दुसऱ्याने उचललेलं."

"सापडलं कुठे?" मुखियाने विचारलं.

"घरात."

"कुणाच्या?"

"आमच्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बोनोमारने घाईने अतीजाकडे हात केला. "हिला विचारा! ही सांगेल."

अतीजा बायकांमधून उठली. कापड डोक्यावर ओढून घेतलं. एकदा भावाच्या फळ्या बांधलेल्या पायाकडे बघितलं.

"घरात मेण कोण आणतं?" ती म्हणाली. "मधाला जाणाराच आणतो." आणि खाली बसली.

काय बाई! शब्दाला शब्द खरा. मधाला कासिमोही जात होता. पण गावाला एकच माणूस ऐकू आला. बोनोमार तिच्याकडे बघतच राहिला. ज्याला पाठीवर वाहून आणलं त्याने कानावर हात ठेवले होते, आणि जिने शब्द दिला तिने केसाने गळा कापला.

वर कासिमोला कळवळा आला. चटईवरून हात जोडत म्हणतो, "मुखियासाहेब, म्हातारा माणूस आहे, झाली चूक. पाय माझा मोडला, मी माफ करतो. तुम्हीही करा."

तेव्हा मात्र बोनोमारचा तोल गेला. "माफ? तू मला माफ करतोस? अरे, सेगोचं पिल्लू बरं रे! ते आंधळं असतं तेव्हा मारतं. तुला तर चांगलं दिसत होतं!"

पण ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं? चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून लोक मोकळे झाले. साद बंद झाली. राहायचं तर राहा, म्हणाले.

तो राहिला नाही. घरातून कुऱ्हाड घेतली, चटई गुंडाळली. मुली दारात येऊन उभ्या राहिल्या, रडल्या, पण मामाच्या विरुद्ध एक अक्षर बोलल्या नाहीत. अतीजा मात्र गावाच्या टोकापर्यंत त्याच्या मागे चालत आली. पावलं ऐकून तो थांबला. त्याला वाटलं, आता म्हणेल, जाऊ नका. एवढंच म्हणाली असती तर खरंच तो वळला असता. असा होता तो.

"अहो," अतीजा म्हणाली, "तिकडे हे कुणाला सांगू नका. कासिमोचं नाव खराब होईल."

"बरं," तो म्हणाला, आणि निघाला.

तीन दिवस चालून तो आपल्या बहिणीच्या गावी पोचला. तिथे त्याचा मान होता. तिथला मधाचा म्हातारा पावसाळ्याआधीच वारला होता आणि साद घालणारा कुणी उरला नव्हता. पण सापाची बातमी त्याच्याआधीच पोचली होती. बहिणीने पाय धुवायला पाणी दिलं, मक्याच्या पिठाची घट्ट उगाडी आणि सुकी मासळी वाढली, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, लोक काहीबाही बोलतात. माझा विश्वास नाही. तू एकदा तुझ्या तोंडाने नाही म्हण, उद्यापासून इथलं रान तुझं. सेगोचं मेण तू घेतलंस?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग कुणी घेतलं? त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"माझी बायको तसंच म्हणाली," बोनोमार म्हणाला, आणि कुऱ्हाड उचलून बहिणीच्या नवऱ्याच्या हातात दिली.