देवाचा वळू आणि गायरानाचे चार भाग

"रावसाहेब, बसवण्णाला अडवायचं न्हाय बगा," गौराक्का म्हणाली. तोवर देवाचा वळू माझ्या दगडी खुणा ओलांडून राखीव भागात शिरलाही. त्याच्यामागं गावाची सगळी गुरं. मी हातात नकाशा धरून बघत राहिलो.

मी तेव्हा शेतकी खात्यात ओव्हरसियर होतो. चिकोडीजवळच्या त्या गावाचं गायरान, म्हणजे सगळ्यांच्या गुरांचा चरायचा माळ, मी चार भागांत वाटलं होतं. एका भागात गुरं चारायची, तीन राखायचे. पंधरा दिवसांनी भाग बदलायचा. बी नको, खत नको. मारवेल, पवन्या ही गवतं, मधेच रानमूग, सगळं आपसूक उगवतं आणि शेण जागेवरच पडतं. माझी स्कीम एवढीच. माझ्या वरच्या साहेबांना मात्र माळ नांगरून एकच विलायती गवत पेरायचं होतं. चैत्रात इन्स्पेक्शन होतं. तोवर राखीव भागात गवत टिकलं नाही, तर नांगर फिरणार आणि ऐन उन्हाळ्यात गुरं उपाशी राहणार.

नकाशात मी ओढेसुद्धा दाखवले होते. वळू तेवढा राहिला. देवाला सोडलेल्या वळूला दावं नाही, काठी नाही. आणि तो जाईल तिकडं कळप जातो.

"आक्का, कुंपणच घालतो," मी चिडून म्हणालो.

गौराक्का गावची गुराखीण, वयानं माझ्या आईएवढी. ती हसली. "घाला की. बसवण्णा कुंपण काढंल, आन् गाव तुमास्नी."

"मग करू काय?"

"अडवू नगासा. बोलवा त्येला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चराईच्या भागातल्या सपाट दगडावर मूठभर खडेमीठ ठेवलं. "ये रं माझ्या राजा!" राजा डुलत आला आणि दगड चाटू लागला. कळप आलाच. पंधरा दिवसांनी तिनं मीठ पुढच्या भागात ठेवलं. तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, अंगात सरकारी ताठा होता. त्याचं अजून वाईट वाटतं.

चैत्रात साहेब आले. राखीव भागांत पोटरीएवढं वाळलं गवत उभं होतं.

"फेन्सिंग कुठाय?"

मी वळूकडं बोट दाखवलं. "ते काय साहेब, मीठ चाटतंय."

साहेब हसले नाहीत, पण नांगराचा कागद फाईलच्या तळाशी गेला. आमच्या खात्यात याला मंजुरी म्हणतात.

पुढं बऱ्याच गावांत गायरानं वाटली. नकाशा मागाहून काढायचो. आधी विचारायचो, इथला वळू कुणाच्या हाकेला येतो?