मागच्या चाकाचं ग्रीस

बाबांना अर्धांगवायू झाला त्यानंतर वर्षभर त्यांची सायकल अंबरनाथला बुवापाड्यातल्या आमच्या घराच्या भिंतीला टेकून उभी होती. तिथल्याच एका कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त होईपर्यंत याच सायकलवर कामाला गेले. उजवा हात गेला तसं त्यांचं बोलणंही आटलं. चहा हवा, चहा नको, एवढंच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई रोज सांगायच्या, "काका, हातात काहीतरी धरा." बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

मला एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर आठला हजर व्हावं लागतं. शेअर रिक्षा मिळाली नाही म्हणून आठवड्यात दोनदा उशीर झाला आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर सुनावलं. त्या संध्याकाळी मी सायकल पुसायला घेतली. वय सत्तेचाळीस, त्यात जेन्ट्स सायकल. शेजारणी हसल्या. हसू देत म्हटलं.

जूनभर सायकल बरी चालली. जुलैत मागच्या चाकातून कर्र कर्र आवाज यायला लागला. नाक्यावरच्या सायकलवाल्याने डब्यातलं काळं ग्रीस भरून दिलं. आठ दिवसांत पुन्हा तोच आवाज. पुन्हा भरलं, पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, भंगारात घाला हिला."

"नाही घालणार," मी म्हटलं. "मीच करते."

रविवारी मी त्याच्याकडूनच ते काळं ग्रीस कागदात बांधून आणलं. चाक उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून जिथे बोट पोचेल तिथे थापलं. चेनला तर भरपूर. सोमवारी नाल्याच्या पुलावरून उतरताना ब्रेक दाबला तर चाक थांबेचना. चेनवरचं ग्रीस उडून रिमला लागलं होतं. मी सरळ शहाळ्यांच्या गाडीवर जाऊन आदळले. गाडीला काही झालं नाही, माझं कोपर मात्र सोलून निघालं.

घरी कोपराला हळद लावत होते तेव्हा बाबांची नजर सायकलवर गेली.

"चेनला... ग्रीस?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"गाढव." मग थोडं थांबून, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "चाकात छर्रे आहेत तिथं ग्रीस. चेनला तेल. ब्रेकला काही नाही."

वर्षभरात ते माझ्याशी एवढं लांब बोलले नव्हते. कोपराची आग मी विसरूनच गेले. मी सायकल त्यांच्या खुर्चीपुढे उलटी करून ठेवली आणि म्हटलं, "मग आता तुम्हीच सांगा. मी करते."

त्यांनी आधी काळं ग्रीस मागितलं. डाव्या हाताच्या बोटांनी चोळलं, वास घेतला, मग म्हणाले, "पाणी." मी तळहातावर ग्रीस आणि थोडं पाणी घेऊन घोळवलं. बघता बघता ते राखाडी दुधासारखं झालं आणि ओघळलं.

"पावसात राहील का हे?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी उल्हासनगरला गेले. मशीनच्या सामानाच्या दुकानात एक म्हातारे सिंधी शेठ बसले होते. त्यांनी विचारलं, "किस के लिए चाहिए, बेटा?"

"सायकल के छर्रे के लिए. पानी में टिकना चाहिए. थोडा थोडा सॅम्पल दो, मैं घर पे देखूंगी."

"सायकल के लिए सॅम्पल?" ते हसले, पण नोकराला न सांगता स्वतःच उठले. तीन प्रकारची ग्रीस तीन प्लास्टिकच्या तुकड्यांवर काढून दिली आणि कुठलं काय ते पेनाने लिहिलंही.

घरी आम्ही तिन्ही पाण्यात घोळवली. एक फुटलं, दोन टिकली. त्या दोनांतलं एक फार घट्ट होतं. बाबांनी पिवळसर, लोण्यासारखं लिथियमचं ग्रीस निवडलं. "हे. पण जुन्यात मिसळायचं नाही. सगळं धुवायचं."

मग त्यांनी एकदम उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "लाव जरा. या हाताला कळतंय का बघू."

मी त्या बोटांवर ग्रीस लावलं. ते बराच वेळ डोळे मिटून बसले.

"थंड आहे," ते म्हणाले.

मी मान खाली घालून पाना शोधायला लागले.

पुढच्या रविवारी चाक उघडलं. एका बाजूला नऊ छर्रे, दुसऱ्या बाजूला नऊ. डिझेलमध्ये धुतले तर तीन छर्र्यांना खड्डे पडलेले. सगळेच नवीन आणले. खरी परीक्षा चाक परत जोडताना झाली. नट आवळला की चाक अडे, सैल केला की डुले. चार वेळा काढलं, चार वेळा बसवलं. पाठ मोडून आली, पण बाबा सोडायला तयार नव्हते आणि मीही. शेवटी पाना त्यांनीच मागून घेतला. डाव्या हाताने तो दोनदा निसटला. मी हात पुढे केला तर ओरडले, "थांब!" तिसऱ्यांदा नट बसला. मी चाक फिरवलं. स्पोकचा वारा तेवढा ऐकू येत होता.

गणपतीनंतर मी मुद्दाम चाक उघडून पाहिलं. ग्रीस होतं तसंच पिवळं होतं. व्यायामाच्या बाई आल्या की बाबा आता भिंतीकडे तोंड फिरवत नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं थोडी वाकतात. बाईंनी दिलेला रबरी बॉल मात्र त्यांना आवडत नाही, ते हातात धरायला सायकलचं पॅडल मागतात.