नेटची बारी

हसनाबादच्या शिवारात रखमाजींच्या विहिरीवर चार घरांचा वाटा आहे. चार वाटेकऱ्यांच्या विहिरीवर आजवर एकदाही कोणाचं डोकं फुटलं नाही, याचं सगळं श्रेय रखमाजी स्वतःकडे घेतात. कोणी दिलं नाही तरी घेतात.

नियम साधा आहे. ज्याची बारी त्याचं पाणी. दुसऱ्याच्या बारीत ज्यानं मोटर चालू केली, त्याची पुढची बारी त्या दुसऱ्याला जाते. इथं वशिला चालत नाही आणि रडूनही भागत नाही. शेजारच्याच घरात राहणारा सख्खा पुतण्या कल्याण, त्यालाही त्यांनी ऐन मिरचीच्या लागवडीत हा दंड लावला होता. कल्याणची रोपं माना टाकून उभी होती आणि त्याच्या वाट्याचं पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात खळखळत होतं. ही गोष्ट रखमाजी पारावर सांगायचे, मग छातीवर हात ठेवून एक वाक्य म्हणायचे. गावानं ते इतक्यांदा ऐकलं होतं की पोरं त्यांच्या आधीच म्हणून टाकत, "म्या जिंदगीत कोणाची बारी चोरली न्हाई!"

अशा माणसाच्या घरात नेट आलं ते नातीपायी.

त्यांचा मुलगा सोमेश्वर पुण्यात नोकरीला. त्याची एकुलती एक मुलगी तृप्ती, आठवीतून नववीत गेलेली. मागच्या उन्हाळ्यात ती महिनाभर राहायची म्हणून आली आणि चौथ्या दिवशी परत गेली. घरात रेंज नव्हती. दोन दिवस ती पाण्याच्या टाकीवर चढून, फोन आभाळाकडे धरून उभी राहिली, तिसऱ्या दिवशी कंटाळली. रखमाजींनी तिच्यासाठी आंब्याची आढी घातली होती. आढी पिकायच्या आत पोरगी गेली. नंतर ते आंबे पिकले तेव्हा रखमाजींनी एक खाल्ला आणि बाकीचे सगळे वाटून टाकले. "आवंदा आंबट निघाले," असं ते म्हणाले. ते आंबट नव्हते हे त्यांच्या बायकोला, सगुणाबाईंना, माहीत होतं. त्यांनी चार खाल्ले होते.

म्हणून यंदा तृप्ती फोनवर म्हणाली, "आबा, नेट असेल तर मी पूर्ण मे महिना राहीन," तेव्हा रखमाजींनी फोन ठेवला आणि लगेच चपला घातल्या.

नेट जोडणारा आदिनाथ मोटरसायकलवर आला. त्यानं खांबावरून वायर आणून ओसरीत भिंतीवर एक डबी ठोकली. डबीवर हिरवे दिवे लुकलुकले. सगुणाबाईंनी डबीला हळदीकुंकू लावलं. लावताना एक बोट दिव्यावर गेलं, तेव्हापासून तो दिवा केशरी दिसतो. पण माडीवरच्या ज्या खोलीत तृप्ती उतरणार होती, तिथं काही डबीची रेंज पोचेना. आदिनाथ म्हणाला, "वर एक वायर न्यावी लागंल, काका. वर दुसरी डबी बसवू. दोन दिवसांनी येतो."

"एक वायर आमच्या घरात बी सोडायला सांगा," कल्याण भिंतीपलीकडून म्हणाला. त्याच्या बायकोला, दैवशालाला, मोबाईलवर ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघायचे असत, आणि ती ते बघताना इतकी रमे की शिवायचं राहून जाई.

दोन दिवस थांबायचं म्हटल्यावर रखमाजींच्या अंगावर काटा आला. पोरगी परवा येणार. वायर आणि माडीसाठी, कल्याणसाठी अशा दोन डब्या तर आदिनाथ ठेवूनच गेला होता. "तीन एकरात ठिबक म्या टाकलं, एक थेंब गळाला न्हाई," ते सगुणाबाईंना म्हणाले. "ह्या एका दोरीसाठी त्याची वाट कशाला बघायची?"

आणि ते कामाला बसले. ठिबकच्या मेन लाइनला जिथं फाटा काढायचा तिथं नळी कापायची आणि तीन तोंडांची टी बसवायची, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. ठेवलेल्या वायरचे त्यांनी तुकडे केले. आत आठ रंगीत तारा निघाल्या. एक तुकडा माडीवर, एक कल्याणच्या घरात, एक डबीकडे. निळ्याला निळी, हिरव्याला हिरवी असं पीळ देऊन त्यांनी तिन्ही तोंडं एकत्र केली. वरून चिकटपट्टी, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. जोड दुधी भोपळ्याएवढा झाला. एक वायर उरली तर तीही त्यांनी परसातल्या गोठ्यात सोडून ठेवली, पुढं मागं लागली तर असावी म्हणून.

नेट मात्र आलं नाही. कधी माडीवर क्षणभर यायचं, कधी कल्याणकडे, बहुतेक वेळा कुठंच नाही. रखमाजींनी वायरीवरून हात फिरवत कुठं चोंदलंय का ते पाहिलं. एकदा तोंडानं फुंकूनही पाहिलं, पण ते कोणी बघितलं नाही असं त्यांना वाटतं.

आदिनाथ आला आणि तो जोड बघून जमिनीवरच बसला. "काका, हे काय करून ठेवलं?"

"जोड दिला. विहिरीतल्या मोटरच्या केबलला देतो तसा. पाणी आत जानार न्हाई."

"पाणी न्हाई जानार. पन नेट बी न्हाई जानार." त्यानं पिशवीतून एक चपटी पेटी काढली. "हिला स्विच म्हंतेत. एक वायर हिच्यात आणायची, आन् हिच्यातून पाहिजे तितक्या येगळ्या न्यायच्या. मधी कापायचं न्हाई."

रखमाजींनी पेटी उलटसुलट करून पाहिली. "म्हंजे हौद. लाइनीतून पाणी हौदात, हौदातून ज्याच्या त्याच्या शेतात."

"बराबर."

"मंग पहिल्याच दिवशी हौद म्हनायचं न्हाई का!" रखमाजी उलट त्याच्यावरच तापले.

तृप्ती आली, बॅग टाकून माडीवर गेली आणि तिथूनच ओरडली, "आबा, नेट भारी आहे!" रखमाजी दिवसभर त्या वाक्यावर जगले. पण पोरगी वर आणि ते खाली. ती कानाला मोठाले भोंगे लावून पुण्यातल्या तीन मित्रांबरोबर किल्ला राखायचा कसलासा खेळ खेळे. चौघांनी मिळून किल्ला सांभाळायचा, दुसरे चौघे चाल करून येणार. जेवायला ती खाली यायची, ताट चाटूनपुसून खायची, आणि पुन्हा वर. रखमाजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून तिच्या आरोळ्या ऐकत. ती घरात आहे याचं त्यांना सुख होतं, आणि तरी ती घरात नाही असंही वाटायचं.

त्यात नवी भानगड उपटली. रखमाजींकडे नेट आल्याची बातमी गल्लीभर झाली. दैवशालाचे गळे, कल्याणचे सिनेमे, सगुणाबाईंची कीर्तनं, ओट्यावर टेकायला म्हणून येऊन फोन काढणारी माणसं. तृप्तीचा किल्ला मधेच थिजायचा, आणि हलायला लागेपर्यंत शत्रू आत शिरलेला असायचा.

"आबा, शनिवारी दुपारी आमची फायनल आहे," ती एके दिवशी खाली येऊन म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडक. "आमच्यातला वरद रविवारी कोकणात जातोय, त्याच्या मामाकडे, तिथं नेट नाही. म्हणजे आम्हाला एवढा एकच चान्स आहे. शनिवारी असं झालं ना, तर मी रविवारी बाबांबरोबर परत जाईन." जाफराबादच्या एका लग्नासाठी सोमेश्वर रविवारी येणारच होता.

रखमाजी ताटातली भाकरी कुस्करत राहिले. मग एकाएकी त्यांनी ताट बाजूला सारलं. हे तर त्यांचंच काम होतं! वाटेकरी चार आणि पाणी थोडं, याचा इलाज अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता?

त्याच संध्याकाळी ओसरीत बैठक बसली आणि नेटच्या बाऱ्या ठरल्या. सकाळी रखमाजींची, मग दैवशालाची, दुपार अख्खी तृप्तीची, दिवेलागणीला सगुणाबाईंचं कीर्तन, जेवणानंतर कल्याण. ओट्यावरच्या पाहुण्यांना पाणी प्यायला मिळेल, नेट नाही. बारी चोरली तर विहिरीचाच दंड.

"काका, हे लई झालं," कल्याण कुरकुरला.

"मिरचीची आठवन हाय ना?" रखमाजी म्हणाले.

शनिवार उजाडला. सकाळी आपल्या बारीत रखमाजी आपला फोन घेऊन कल्याणकडे गेले, काहीतरी हळूच विचारून आले, आणि ओसरीत बसून त्यांनी फोनवर काहीतरी दाबलं. एक चक्र गोल गोल फिरत राहिलं. वीज नसताना मोटरचं बटण दाबल्यावर जसं काहीच होत नाही, तसं. कंटाळून त्यांनी फोनचं झाकण लावलं, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि सदरा खुंटीला अडकवला.

दुपारी फायनल सुरू झाली. रखमाजी अंगात नुसती बंडी, हातात काठी घेऊन ओसरीतल्या त्या नेटच्या हौदाजवळ राखणीला. सगुणाबाईंचा फोन त्यांनी धान्याच्या कोठीत ठेवायला लावला होता. वरून आरोळ्या येत होत्या, आणि त्या आनंदाच्या होत्या. मग एकदम तृप्तीचा सूर बदलला.

"आबा! अडकतंय! कोणीतरी ओढतंय!"

रखमाजी उठले ते थेट कल्याणच्या दारात. कल्याण घोरत होता. त्याला हलवून उठवलं, उशीखालचा फोन तपासला. बंद. दैवशाला शिलाई मशीनवर होती. "आज पहिल्यांदा तुमच्यापायी एक ब्लाउज पुरा झाला, मामंजी," ती पदर सावरत म्हणाली. रखमाजींनी परत येऊन कल्याणकडची वायरच उपसून टाकली. वरून आवाज आला, "अजून तसंच आहे!"

मग दोष आदिनाथचा. त्यानंच हौद फुटका दिला असणार. त्याला फोनवर चार शब्द सुनवायचे म्हणून रखमाजींनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि हात मागं घेतला. फोन तव्यासारखा तापला होता.

झाकण उघडलं. सकाळचं चक्र कधीच थांबलं होतं, त्या जागी एक हिरवी रेघ सरकत सरकत दुसऱ्या टोकाला टेकत आली होती. तिच्या वर किल्ल्याचं चित्र होतं. तृप्तीच्याच किल्ल्याचं.

रखमाजी खाटेवर बसले. वर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, आणि जिन्यावर पावलं वाजली.

"हरलो," तृप्ती म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "कोण होतं, आबा?"

वायर उंदरानं कुरतडली म्हणता आलं असतं. आदिनाथवर ढकलता आलं असतं, तो काही तिथं नव्हता. रखमाजींच्या मनात हे दोन्ही येऊन गेलं, ते काही देवमाणूस नव्हेत. पण विहीर आठवली, आणि कल्याणची माना टाकलेली रोपं आठवली. त्यांनी फोन पुढं केला.

"म्या चोरली तुझी बारी."

सगुणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं बाई! गावाला दंड लावनारे ते हेच का?"

तृप्तीनं फोन हातात घेऊन पाहिला. "तुम्ही हा गेम का घेतलात?"

"तू वर बसती, मी खाली बसतो," रखमाजी म्हणाले. "तिथं तुझे तीन दोस्त येतेत. मला वाटलं, एखाद्या टायमाला मी बी येईन. मला वाटलं दाबलं की लगेच येतं. इतकं पाणी ओढीत आसंल हे ठाव न्हवतं, बाई."

फोन त्यांच्या हातात देऊन तृप्ती वर गेली. त्या दिवशी माडीवरून एकही आरोळी आली नाही, आणि रखमाजींना भाकरी गोड लागली नाही.

रविवारी लग्न उरकून सोमेश्वर आला. दारात गाडी उभी करून त्यानं विचारलं, "काय तृप्ती, बॅग भरली का?" रखमाजी आढीतल्या गवताखाली हात घालून आंबे चाचपत होते. आंबे अजून कडकच होते.

"नाही भरली," तृप्ती जिन्यावरून म्हणाली. "बाबा, मला येता येणार नाही. आबांनी माझी बारी चोरलीय. नियमानं त्यांची पुढची बारी माझी आहे, आणि ती घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

"एकाच बारीचा दंड असतो, बाई," रखमाजी म्हणाले. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. सगुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"फायनलमध्ये चोरी केलीत, म्हणून महिनाभराचा," तृप्ती म्हणाली. "आणि वरद गेलाय कोकणात. आमच्यात एक जागा रिकामी आहे. ती तुम्ही भरायची. हाही दंडच."

रखमाजींनी विहिरीवर आजवर इतका वाढीव दंड कोणाला लावला नव्हता. त्यांनी तो बिनतक्रार कबूल केला.

आता रोज सकाळी आजोबा आणि नात माडीवर शेजारी शेजारी बसतात. रखमाजींच्या कानाला भोंगे असतात, वर टोपी असते. त्या किल्ल्यात एक विहीर आहे. रखमाजी तिच्यापासून हलत नाहीत. शत्रू तट फोडून आत येतो, झेंडा पळवतो, तरी ते विहिरीवर उभे. "अगं, तुझे आबा पुढं का येत नाहीत?" पुण्याची पोरं वैतागून विचारतात. चौघे जवळजवळ रोज हरतात आणि रोज खेळतात. यंदाची आढी पिकली, खाऊन संपली, दुसरी घातली, तरी पोरगी इथंच आहे.

आणि पारावर विहिरीची गोष्ट निघाली की रखमाजी अजूनही छातीवर हात ठेवतात. पोरं त्यांच्या आधी ते जुनं वाक्य म्हणायला जातात, तर ते काठी आपटून त्यांना गप्प करतात आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगतात, "म्या जिंदगीत एकदाच बारी चोरली!"