वाढत्या अंगाचा पंप

बंगळुरात रागावण्याचा खरा हक्क जर कुणाला असेल, तर तो आमच्या अक्कांना, आणि तो त्यांच्याइतका मनापासून दुसरं कुणी बजावतही नाही. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दारात कानडी आणि रागावताना दोन्ही. बाकीचं शहर ट्रॅफिकवर चिडतं, खड्ड्यांवर चिडतं. अक्का मात्र अडकलेल्या गाडीत शांतपणे शेंगा सोलत बसतात. त्यांचा सगळा संताप पंपांसाठी राखीव. म्हणजे पंपांवर नव्हे, पंप बिचारे निरपराध. पंपांना छळणाऱ्या मनुष्यजातीवर. बोम्मसंद्र्याच्या एका औषधांच्या कारखान्यात त्या इंजिनिअर होत्या, आणि तिथल्या पंपहाउसचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. पण कारखान्याच्या फाटकाबाहेरचे पंपही आपलेच, असं त्या धरून चालत.

एकदा मल्लेश्वरमला नात्यातलं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, हातात अक्षता, आणि अक्कांनी एकदम मान तिरकी केली. "ऐकलंत, जावईबापू?"

"हो, भटजींचा आवाज छान आहे," मी म्हणालो.

"भटजींचं काय घेऊन बसलात! खाली तळघरात पंप बघा, खडी भरडल्यासारखा वाजतोय. पाणी ओढायची जाळी तुंबलीय त्याची."

शेवटच्या 'सावधान'ला अक्का मांडवात नव्हत्या. हॉलच्या मॅनेजरला त्यांनी तळघरात गाठलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "नीरु बरताइदेयल्ला, मेडम?" म्हणजे, पाणी येतंय ना? झालं! हे वाक्य अक्कांना शिवीसारखं लागतं. "पाणी येतंय ना म्हणे! पाय मोडेपर्यंत बैल जुंपला तरी गाडी चालतेच की!" जाळी साफ झाली तेव्हाच त्या वर आल्या. त्या लग्नाच्या अल्बमात अक्का फक्त पंगतीत दिसतात, आणि पैठणीच्या पदराला काळंभोर ग्रीस.

पण हे सगळे किरकोळ राग. मोठा राग होता तो त्यांच्याच कारखान्यातल्या एका पंपावरून. यंत्रांना गार पाणी पुरवणारा तो पंप घेताना आराखडा करणाऱ्याने 'असू दे' म्हणून थोडा मोठा धरला, खरेदीवाल्याने 'कमी नको पडायला' म्हणून त्यावर थोडा, आणि मालकांनी 'उद्या कारखाना वाढला तर' म्हणून आणखी थोडा. आला तो हत्ती! त्याचं पाणी आवरेना, म्हणून बाहेरच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह कायमचा अर्धा बंद करून ठेवला. म्हणजे वीज भरमसाट जाळायची, पाणी अर्धंच सोडायचं आणि कोंडलेल्या जोराने पंपाने आतल्या आत थरथरायचं. मग आज बेअरिंग गेलं, उद्या सील गळलं. "पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्या, मी नको म्हणत नाही," अक्का आमच्या जेवणाच्या टेबलावर मूठ आपटत म्हणायच्या, "पण पंप काय वाढत्या अंगाचा असतो?" पंपाच्या पोटातलं फिरतं चाक, म्हणजे इम्पेलर, लेथवर थोडं कापून लहान करा आणि व्हॉल्व्ह सताड उघडा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यावर वरिष्ठांचं ठरलेलं उत्तर, "चालू पंपाला हात कशाला लावायचा?" उलट पंप बंद पडला की धावाधाव करून तो चालू करणाऱ्यांचा शाल घालून सत्कार व्हायचा. तो बंद का पडतो, हे सांगणाऱ्या बाईला चहासुद्धा नाही! अक्का त्या सत्कारांना डास मारावेत तशा टाळ्या वाजवायच्या.

अखेर एका आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, अक्कांचा स्फोट झाला. त्या दिवशी कारखान्यात घरच्यांनाही बोलावतात, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. यंत्रं पुसून चकचकीत, सगळ्यांना झेंडू, कुंकू, केळीचे खांब. मालक त्या थोराड पंपाला हार घालायला वाकले, आणि अक्का भर गर्दीत कडाडल्या, "वर्षभर त्याचा गळा दाबायचा आणि एक दिवस त्याच गळ्यात हार घालायचा? शोभतं का हे आपल्याला, सर?"

गुरुजींच्या हातातला कोहळा हातातच राहिला. बायकोने माझा दंड घट्ट धरला. मालकांनी हार तसाच धरून विचारलं, "मग करायचं काय, अक्का?"

"उद्या दसऱ्याची सुट्टी. पंप बंदच असणार. तो माझ्या हवाली करा. बिघडला तर परवापासून मी कामावर येणार नाही."

मालकांनी हार तबकात परत ठेवला. मग म्हणाले, "सरी. ठीक आहे, करा."

दसऱ्याला आमच्याकडे पुरणपोळ्या होत्या आणि अक्का लेथपाशी होत्या. इम्पेलर कापला, त्याचा तोल बघितला, पंप आणि मोटर एका रेषेत आणली. सुट्टी संपल्यावर पंप चालू केला, व्हॉल्व्ह सताड उघडला, आणि ऑपरेटर घाबरून धावत आला. "अक्का, पंप चालूच होत नाहीये!" पंप चालू होता. आवाज नव्हता, एवढंच. वीज कमी लागू लागली, बेअरिंगं टिकू लागली. मग मालकांनी बाकीचे पंपही एकेक करून त्यांच्या स्वाधीन केले.

त्यानंतर जे झालं, ते आठवलं की माझंच डोकं तापतं. मालकांनी कारभार सोडला आणि नवे व्यवस्थापक आले. त्यांनी अक्कांना बोलावून अतिशय गोड शब्दांत सांगितलं, "मॅडम, पंप तर बंद पडतच नाहीत. मग तुमच्या जागेची गरज काय?" म्हणजे डॉक्टरने गावातली साथ घालवली, म्हणून डॉक्टरलाच गावाबाहेर काढायचं! निरोपाला शाल आणि नारळ मात्र मिळाला. मी दात-ओठ खात म्हणालो, "अक्का, तुम्ही गप्प कशा बसलात? त्या माणसाला चार शब्द तरी सुनावायचे होते!" त्या शाल घडी करत म्हणाल्या, "काय सुनावणार, जावईबापू? तो खोटं कुठे बोलला? नाहीच पडत बंद." मला त्यांचं ते शांत बोलणं त्यांच्या कुठल्याही आरड्याओरड्यापेक्षा जास्त झोंबलं.

आता त्या रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. कारखाना सोडताना ऑपरेटरला त्यांनी बजावून ठेवलंय, "पंपाचं काही वेगळं वाटलं तर वेळ बघू नकोस, लगेच फोन कर." अजून एकदाही फोन आलेला नाही. म्हणजे सगळं नीट चाललंय, असं त्या आम्हाला सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा फुलतो, हेही खरं. पण जेवताना फोन मात्र त्या ताटाशेजारीच ठेवतात. बायको वाढताना तो हळूच बाजूला सरकवायला गेली, की म्हणतात, "राहू दे गं, स्वल्प, थोडा वेळ इथेच राहू दे."